एकट्याने चालायला जाताना सुरक्षित कसं राहायचं?

प्रश्न थोडक्यात असा: व्यायाम म्हणून रोज पहाटे किंवा संध्याकाळी उशिरा पाच-सहा किलोमीटर चालायला जायचं आहे, सोबत कुणी नाही, वाटेत थोडा भाग फुटपाथ नसलेल्या रस्त्याचा आहे. अशा वेळी नेमकी कोणती काळजी घ्यावी?

आधी हे सांगतो की सोबत नाही म्हणून चालणं बंद करू नका. एकट्या माणसाचाही पाय मुरगळतो, दोघांतल्या एकाचाही मुरगळतो. फरक पडतो तो त्यानंतर. सोबत कुणी असेल तर मिनिटभरात फोन लागतो. एकटे असाल आणि फोन हातातून उडून गवतात पडला असेल, तर अर्धा तास, कधी दोन तासही जातात. म्हणजे धोका टाळणं हा तयारीचा एक भाग, आणि काही झालंच तर मदत लवकर पोहोचेल अशी सोय करून ठेवणं हा दुसरा. बहुतेक जण पहिल्या भागाची चर्चा खूप करतात आणि दुसरा राहून जातो. त्यामुळे सुरुवात दुसऱ्यापासून.

निघण्यापूर्वी

एका माणसाला तीन गोष्टी माहीत हव्यात: कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परत येणार, आणि त्या वेळेला आला नाहीत तर त्याने काय करायचं. पहिल्या दोन गोष्टी लोक सांगतात, तिसरी सांगत नाहीत, आणि खरी किंमत तिसरीचीच आहे. ‘सातपर्यंत येतो’ एवढंच सांगितलं की सव्वासातला घरच्यांना वाटतं, कुणी भेटलं असेल. साडेसातला वाटतं, आज जास्त चालले असतील. आठ वाजता काळजी सुरू होते आणि शोधायला निघेपर्यंत सव्वाआठ.

त्याऐवजी घड्याळ ठरवून टाका. सातला परत. ७:१५ ला फोन. उचलला नाही तर ७:२० ला पुन्हा. तरीही नाही, तर ७:२५ ला एक जण तीच वाट उलट्या दिशेने धरून निघतो आणि दुसरा फोनवर राहतो. तुम्ही दिसलात की प्रश्न मिटला. वाट संपेपर्यंत दिसला नाहीत तर आपत्कालीन क्रमांकाला फोन. हे कागदावर लिहून फ्रिजवर किंवा दारामागे लावा, कारण घाबरलेल्या माणसाला ऐनवेळी काही सुचत नाही.

एकट्या राहणाऱ्याने हीच व्यवस्था शेजारी किंवा मित्राशी करावी. तोही चालायला किंवा सायकलवर जात असेल तर दोघांनी एकमेकांची वेळ सांभाळावी. यात बिघाड एकाच जागी होतो: परत आल्यावर ‘आलो’ असा निरोप द्यायचा राहून जातो. दोन-तीनदा असं झालं की समोरचा फोन करणं सोडतो, आणि मग सगळी व्यवस्था कागदावरच उरते. बूट काढण्याआधी निरोप, अशी सवय लावून घ्या.

लाइव्ह लोकेशन उपयोगी आहे, पण त्याच्या मर्यादा ओळखून वापरा. व्हॉट्सॲपवर ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालू ठेवता येतं. पन्नास मिनिटांच्या चालण्याला १ तास निवडला तर नेमकं गरज पडेल तेव्हा ते बंद झालेलं असतं. ८ तास निवडा आणि घरी आल्यावर हाताने बंद करा. नकाशावरचा ठिपका थांबला म्हणून कुणाला आपोआप कळत नाही, कुणीतरी तो बघावा लागतो. नेटवर्क गेलं की ठिपका शेवटच्या ठिकाणीच दिसत राहतो. म्हणून ठिपका ठरलेल्या वेळेच्या जोडीला ठेवा, तिच्या जागी नको.

फोनमध्ये तीन कामं आजच करून ठेवा. लॉक स्क्रीनवरून उघडेल अशा आपत्कालीन माहितीत रक्तगट, आजार, चालू औषधं, ॲलर्जी आणि दोन जवळच्या माणसांचे क्रमांक भरा. दुसरं, आपत्कालीन कॉलचं बटण शिकून घ्या. अलीकडच्या आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं एक बटण एकत्र दाबून धरावं लागतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण पटपट पाच वेळा दाबावं लागतं, आणि काही फोनवर ही सोय सेटिंगमधून चालू करावी लागते. हे खिशातल्या खिशात, न बघता, एका हाताने जमलं पाहिजे. सराव करताना कॉल जाण्याआधी उलटी मोजणी होते का ते सेटिंगमध्ये पाहून ठेवा, म्हणजे वेळेत रद्द करता येईल. तिसरं, ११२ हा क्रमांक अनेक देशांतल्या मोबाइल नेटवर्कवर चालतो, तरी तुमच्या भागात थेट रुग्णवाहिका कोणत्या क्रमांकावर मिळते ते वेगळं पाहून ठेवा.

फोन अंगावर ठेवा: कमरेच्या पट्ट्यात किंवा चेन लावलेल्या खिशात. हातातला फोन पडताना दूर फेकला जातो, पिशवीतला फोन पिशवीबरोबर जातो. निघताना बॅटरी निम्म्याच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. खिशात एक छोटा कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवा, त्यावर नाव, घरचा क्रमांक, आजार आणि औषधं. फोन फुटला तरी कागद वाचता येतो.

आणि ‘मी कुठे आहे’ हे सांगता आलं पाहिजे. ओळखीच्या रस्त्यावरही घाबरलेला माणूस ‘नेहमीच्या रस्त्यावर, पुलाच्या पुढे’ असं सांगतो, आणि फोन घेणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. आपल्या वाटेचे चार-पाच तुकडे करा आणि प्रत्येकाची ठळक खूण पाठ करा: विजेच्या खांबाचा क्रमांक, किलोमीटरचा दगड, पाटी, शाळेचं फाटक.

वाट आखताना

सरळ जाऊन परत येण्यापेक्षा घराभोवतीचे लहान फेरे जास्त सुरक्षित. पाच किलोमीटर जाऊन-येऊन करायचे तर मधल्या टोकाला तुम्ही घरापासून अडीच किलोमीटर दूर असता. लंगडत यायचं तर तास लागेल. तेच अंतर सव्वा किलोमीटरच्या चार फेऱ्यांत केलं, तर कुठेही काही झालं तरी घर जेमतेम सहाशे मीटरवर. हृदयविकार, मधुमेह, नुकतंच झालेलं आजारपण किंवा बरेच दिवस सुटलेला व्यायाम असेल, तर काही आठवडे फेऱ्याच माराव्यात. थकवा आला तर पुढच्या फेरीआधी घरात शिरता येतं, पाणीही सोबत न्यावं लागत नाही.

फेऱ्यांची एक अडचण अशी की कुणी पाळत ठेवत असेल तर त्याला वेळ आणि जागा दोन्ही कळतात. त्यावर उपाय सोपा आहे. तीन वाटा ठरवा, त्यांना अ, ब, क अशी नावं द्या, घरी नकाशा काढून ठेवा, आणि निघताना फक्त अक्षर कळवा. निघण्याची वेळ वीस-तीस मिनिटं मागेपुढे करा, फेरीची दिशा अधूनमधून उलटी करा. बाहेरच्याला अंदाज येत नाही आणि घरच्यांना सगळं माहीत असतं.

व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर हीच गोष्ट उलटी होते, बाहेरच्यांना सगळं कळतं. स्ट्राव्हा या ॲपने २०१७ मध्ये जगभरच्या वापरकर्त्यांच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्यात लष्करी तळांवरच्या सैनिकांच्या धावण्याच्या वाटाही उमटल्या आहेत. लष्करी तळ ओळखू येतो तर घराचं दार ओळखणं किती सोपं असेल याचा विचार करा. सुरुवातीचा आणि शेवटचा काही भाग लपवण्याची सोय अशा ॲपमध्ये असते, ती चालू करा. नोंदी फक्त ओळखीच्यांना दिसतील असं ठेवा. लाइव्ह ठिकाण एका विश्वासाच्या माणसाला, बाकीच्यांना फोटो घरी आल्यावर.

रस्ता

अनोळखी माणसाची भीती सगळ्यांना वाटते, गाडीची सवय झालेली असते. पण जगात दरवर्षी सुमारे ११.९ लाख माणसं रस्ते अपघातांत जातात आणि त्यांतला पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक पायी चालणारे असतात. म्हणून या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या.

फुटपाथ असेल तर फुटपाथ. नसेल तर येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. जिथे वाहनं डावीकडून चालतात तिथे तुम्ही रस्त्याच्या उजव्या कडेने, जिथे उजवीकडून चालतात तिथे डाव्या कडेने. तुमच्या अंगाजवळून जाणारी गाडी समोरून आली तर ती भरकटतेय हे तुम्हाला दिसतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ५० मीटरवरून दिसलेली गाडी तीन सेकंदांत तुमच्यापाशी येते, आणि तीन सेकंदांत दोन पावलं कडेला उतरता येतं. पाठीमागून येणाऱ्या गाडीबाबत तेवढी संधीही मिळत नाही.

या नियमाला तीन अपवाद आहेत आणि ते मूळ नियमाइतकेच महत्त्वाचे आहेत. तुम्ही चालता ती कड आंधळ्या वळणाच्या आतल्या बाजूला येत असेल, तर वळण घासून येणाऱ्या चालकाला तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी दिसता. वळणाच्या बरंच आधी, दोन्हीकडचं दिसत असताना, रस्ता ओलांडून बाहेरच्या बाजूला जा आणि वळण संपल्यावर परत या. दुसरा अपवाद, कडेला भिंत, कठडा किंवा खोल चर असेल आणि पाय ठेवायला जागाच नसेल तर. समोरून गाडी दिसली तरी उतरणार कुठे? अशा तुकड्यात ज्या बाजूला उतरायला जागा आहे ती बाजू धरा. तिसरा अपवाद बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करणारी गाडी तुमच्या पाठीमागून येऊन तुमच्याच बाजूला घुसते. मागून दोन इंजिनांचे आवाज एकदम आले किंवा आवाज अचानक चढला, तर लगेच मागे वळून बघा आणि कडेला उतरा.

अंधारात अडचण वेगळी असते. ताशी ६० च्या वेगाला चालकाच्या डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे २० मीटर. एकूण ४५. ओल्या रस्त्यावर याहून बरंच जास्त. आणि खाली झुकलेल्या हेडलाइटमध्ये गडद कपड्यांतला माणूस ओळखू येतो तो साधारण ३० मीटरवरून. म्हणजे चालक सावध असला, प्यायलेला नसला, फोनकडे बघत नसला, तरी तो वेळेत थांबू शकत नाही. तुम्हाला हेडलाइट लांबून दिसतात म्हणून त्यालाही आपण दिसत असू असं वाटतं, आणि हीच समजूत घातक ठरते.

भडक पिवळा किंवा नारिंगी कपडा दिवसा उत्तम दिसतो, कारण तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर उजळतो. रात्री हेडलाइटमध्ये तो जवळजवळ साधा कपडाच असतो. रात्रीसाठी रिफ्लेक्टिव्ह पट्टी लागते, जी प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते. ती दीडशे मीटरवरून दिसू शकते. ती कुठे लावायची हेही महत्त्वाचं: घोटे, गुडघे आणि मनगटं. छातीवरची एक पट्टी चालकाला खांब किंवा पाटी वाटू शकते. घोट्यावरच्या पट्ट्या पावलागणिक वर-खाली होतात आणि ‘हा माणूस आहे’ हे मेंदूला लगेच कळतं. शिवाय झुकलेल्या हेडलाइटचा प्रकाश आधी पायांवरच पडतो. पट्टी चारही बाजूंनी दिसली पाहिजे, पिशवीखाली झाकलेली चालत नाही. धुऊन धुऊन ती निकामी होते. तपासायला अंधारात कपडा टांगा, दहा पावलं मागे जा आणि फोनच्या फ्लॅशने फोटो काढा. पट्टी फोटोत लख्ख पांढरी आली तर चांगली आहे. राखाडी आली तर बदला.

सोबत स्वतःचा दिवाही हवा. १०० ते २०० ल्युमेनचा टॉर्च पुरतो. तो कपाळापेक्षा कमरेला किंवा हातात खाली धरला तर खड्ड्यांच्या आणि दगडांच्या सावल्या लांब पडतात आणि रस्त्याचा उंचसखलपणा स्पष्ट दिसतो. कपाळावरच्या प्रकाशात सगळं सपाट भासतं. पाठीला लाल लुकलुकता दिवा लावा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश मारू नका, क्षणभर आंधळा झालेला चालक तुमच्याच दिशेने येत असतो. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फोनच्या पडद्याकडे एकदा बघितलं की ती मोडते.

सूर्य उगवताना-मावळताना आपल्या सावलीकडे लक्ष ठेवा. तुमची लांब सावली तुमच्या पुढे, येणाऱ्या गाडीच्या दिशेने पडली असेल तर त्या चालकाच्या डोळ्यांत थेट सूर्य आहे. तो तुम्हाला बघत नाही असं धरूनच कडेला व्हा.

चौकात बहुतेक धोका वळणाऱ्या गाडीचा. मुख्य रस्त्याला लागू पाहणारा चालक गाड्यांमधली फट शोधत एकाच बाजूला बघत असतो, आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने त्याच्या पुढ्यात येता. अशा थांबलेल्या गाडीच्या पुढून जाण्यापेक्षा मागून जा. पुढूनच जायचं असेल तर चालकाशी नजरानजर करा, आणि चाक फिरत नाहीये ना तेही बघा. काच काळी असेल तर चाक हाच खात्रीचा पुरावा. गाडीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांमागे चालकाच्या नजरेतून अख्खा माणूस लपतो, आणि तुमचा व गाडीचा वेग जुळला तर तो बराच वेळ लपूनच राहतो. ट्रक किंवा बस वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून कोपऱ्याच्या अगदी कडेला उभं राहू नका, दोन-तीन मीटर मागे व्हा. मोठ्या गाडीच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही.

कानांबद्दल मत स्पष्ट आहे: फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर आणि अंधारात इअरफोन नकोत. बागेत किंवा ट्रॅकवर एका कानात, हळू आवाजात, बाहेरचा आवाज दाबण्याची सोय बंद करून चालेल. हाडातून आवाज पोहोचवणारे हेडफोन कान मोकळे ठेवतात हे खरं, पण लक्ष गाण्यातच अडकतं. विजेवरच्या गाड्या कमी वेगाला जवळजवळ आवाज न करता येतात, त्यामुळे मोकळ्या कानांवरही पूर्ण भिस्त ठेवू नका. ओलांडताना मान वळवून बघा.

कुणी मागे लागलंय असं वाटलं तर

खात्री करण्याची सोपी रीत म्हणजे रस्ता ओलांडणं. तोही ओलांडून आला तर पुन्हा ओलांडा. तरीही मागे असेल तर योगायोग धरू नका. एकदा स्पष्ट वळून बघा, चेहरा, उंची, कपड्यांचा रंग लक्षात ठेवा. आपल्याला पाहिलं गेलंय हे कळल्यावर बरेच जण मागे हटतात. घराकडे जाऊ नका, पत्ता दाखवल्यासारखं होईल. जिथे माणसं आणि उजेड आहे तिकडे जा: उघडं दुकान, पेट्रोल पंप, इस्पितळाचं फाटक, पहारेकरी. वाटेवर अशा जागा कोणत्या आणि त्या वेळी त्या उघड्या असतात का, हे आधी दिवसा बघून ठेवायचं.

फोनवर बोलण्याचं नाटक करू नका, खराच फोन लावा आणि मोठ्याने सांगा: कुठे आहे, कुठल्या दिशेने चाललोय, मागच्याचे कपडे कसे आहेत. मदत मागताना घोळक्याकडे बघून ‘वाचवा’ म्हटलं तर प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणी जाईल. एकाकडे बोट करा: ‘लाल शर्टवाले काका, हा माणूस माझ्या मागे लागलाय, पोलिसांना फोन करा.’ संशय खोटा ठरला तर थोडी लाज वाटेल, एवढंच. भीती वाटली की वागायला पुरावा लागत नाही.

गाडी शेजारी येऊन हळू झाली तर ताबडतोब उलट्या दिशेने चालू लागा. तुम्हाला वळायला एक सेकंद लागतो, गाडीला बराच जास्त. पत्ता विचारणाऱ्याला तीन मीटरवरूनच उत्तर द्या, खिडकीत वाकू नका, दाखवायला फोन बाहेर काढू नका.

हिसकावणारा आला तर वस्तू सोडा. पिशवीचा पट्टा गळ्यात किंवा मनगटाला गुंडाळलेला असेल आणि समोरचा दुचाकीवर असेल, तर माणूस फरफटत जातो आणि जखम चोरीपेक्षा फार मोठी होते. म्हणून चालायला जाताना आडवी पिशवी आणि दागिने नकोतच.

चाकू बाळगू नका, तो झटापटीत तुमच्यावरच उलटतो. मिरचीच्या स्प्रेबाबत देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, आणि वाऱ्याच्या दिशेचं भान नसेल तर तो आपल्याच डोळ्यांत येतो. माझा कल शिट्टीकडे आणि पिन ओढली की वाजणाऱ्या अलार्मकडे आहे. शिट्टीला बॅटरी लागत नाही, घसा बसला तरी ती वाजते, आणि तीन वेळा वाजवणं ही मदतीची खूण बऱ्याच ठिकाणी ओळखली जाते. अलार्म १२० डेसिबलच्या वरचा घ्या, कमरेच्या पट्ट्याला लटकवा आणि महिन्यातून एकदा वाजवून बघा. दोन्ही गोष्टी खड्ड्यात पडलात तरी कामाला येतात.

कुत्रे

कुत्रा अंगावर आला तर पळू नका, पळणाऱ्याचा पाठलाग तो करणारच. थांबा, थोडे तिरपे उभे राहा, डोळ्यांत रोखून बघू नका, हात छातीशी घ्या. पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे सरका. काठी, छत्री, पिशवी, जे असेल ते मध्ये धरा म्हणजे चावा त्यावर जाईल. काठी उगारली की काही कुत्रे जास्त चवताळतात, म्हणून ती आडवी धरणं बरं. खाली पडलात तर गुडघे पोटाशी, चेहरा खाली आणि दोन्ही हातांनी मान व कान झाका.

चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर लाळ लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, बहुतेक जण एका मिनिटात थांबतात. मग आयोडीनसारखं जंतुनाशक लावा. घट्ट पट्टी नको, घरगुती लेप नको. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा. कातडी फुटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही लागतं, ते दवाखान्यात स्वतः विचारा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगतात ते योग्य आहे, पण लस त्यासाठी थांबवायची नसते. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर रोगी वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

शरीराच्या खुणा

छातीत दाब, जबडा, खांदा किंवा हातात पसरणारी कळ, गार घाम, चालण्याच्या मानाने फारच जास्त धाप: यातलं काहीही झालं तर तिथेच बसा आणि आपत्कालीन फोन लावा. ‘घरापर्यंत जातो आणि मग बघतो’ असं करू नका. स्त्रियांना आणि मधुमेहींना छातीत न दुखता नुसती मळमळ, धाप किंवा विचित्र थकवा येऊ शकतो.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवल्याच पाहिजेत. हात थरथरणं, घाम, धडधड, गोंधळ झाला की थांबा आणि १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या. एका गोळीत ४ ग्रॅम असेल तर चार गोळ्या, पाकिटावर वाचून ठेवा. १५ मिनिटं बसून पुन्हा तपासा, साखर ७० मि.ग्रॅ./डे.लि.च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

उन्हात डोकेदुखी, मळमळ, अडखळती पावलं ही थांबण्याची वेळ. सावलीत बसा, अंगावर पाणी ओता, आणि बुद्धी चालतेय तोवर फोन करा. उष्माघातात सर्वांत आधी विचारशक्ती जाते, म्हणून ‘अजून थोडं बघू’ म्हणण्यात धोका आहे. गरम दिवस सुरू झाले की पहिले दहा-बारा दिवस अंतर कमी ठेवा, शरीराला उष्णतेची सवय व्हायला तेवढे लागतात. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली किंवा उघड्या शेडमध्ये नाही.

पडलात तर लगेच उठू नका, मागून गाडी येत नसेल तर. आधी बोटं हलवा, मग मान, मग हातपाय. मनगट किंवा कंबर टेकवत नसेल तर उठण्याचा हट्ट नको, तिथूनच फोन लावा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी इस्पितळात जा, आतला रक्तस्राव काही तासांनीही उघड होतो.

हे सगळं लावून झालं की एकदा रंगीत तालीम करा. घरच्या माणसाला ‘या आठवड्यात एके दिवशी मी मुद्दाम निरोप देणार नाही’ असं सांगून ठेवा, दिवस सांगू नका. त्या दिवशी वाटेवरच सुरक्षित जागी बसून राहा, फोन उचलू नका आणि तुमच्यापर्यंत माणूस किती मिनिटांत येतो ते बघा. तो निघाला की आपत्कालीन क्रमांकाला फोन जाण्याआधी तालीम आहे हे कळवा. बहुतेक घरांत अशा वेळी त्याच त्या गोष्टी बाहेर येतात: फोन सायलेंटवर होता, ‘ब’ म्हणजे कोणती वाट ते आठवलं नाही, नकाशाचा कागद सापडला नाही, गाडीची किल्ली जागेवर नव्हती. त्या दुरुस्त करा आणि दोन-तीन महिन्यांनी तालीम पुन्हा घ्या.